मी धरून आहो

"मी धरून आहो. तुमी बिनधास्त हात लावा."

उजवा हात कुत्र्याच्या मानेखाली, डावा पाठीवर, एक गुडघा जमिनीला टेकलेला, आणि नजर समोरच्या म्हाताऱ्या माणसाकडे नव्हे, तर कुत्र्याकडे. समोरच्याकडे ते बघतच नसत. "मानसाकडे टक लावून पाह्यलं का मानूस घाबरते," म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी देवळी-हिंगणघाट भागात ढोराच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून नोकरी केली. डॉक्टरांनी सुई द्यायची आणि यांनी धरायचं. म्हैस असो, बैल असो, लाथा झाडणारा गोऱ्हा असो, धरायचं काम यांचं. निवृत्तीनंतर ते आमच्या वृद्धाश्रमात येऊन तेच करू लागले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

गुडघा टेकलेला असेल तेवढाच वेळ हा माणूस स्थिर. एरवी चहा उभ्यानं, बोलणं चालता चालता. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. मलाही एका जागी बसवत नाही. त्यामुळे आमचं सगळं बोलणं व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालताना झालं. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर आमच्यातलं इथे ठेवलेलं कोण आणि सांभाळणारं कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

आमचा आश्रम देवळीच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे, अगदी रस्त्याला लागून आहे. इथली बहुतेक माणसं शेतकरी घरांतली, आणि निम्म्याहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश. मी मुळात नर्स. आता सगळं मीच बघते, म्हणजे औषधं, भाजी, चाव्या, भांडणं आणि विश्वस्तांच्या बैठका. स्वभाव तापट आहे, हे आमच्या स्वयंपाकघरातली मीरा तुम्हाला न विचारताच सांगेल.

कुत्र्याची कल्पना माझी नव्हती. एका विश्वस्तांनी कुठेतरी वाचलं होतं की अशा रुग्णांना कुत्र्याच्या सहवासात बरं वाटतं. मग नागपूरहून एक बाई एक भलाथोरला सोनेरी केसांचा कुत्रा घेऊन आल्या. गळ्यात रुमाल, चालण्यात ऐट. कुत्रा गुणी होता, खोटं कशाला बोलू? पण अल्लीपूरच्या गंगूबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, शेपटी वर करून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गोऱ्हा आहे. चांगला निंघन. दोन सालानं जुपता येते." जन्मभर भाजीचा मळा आणि गाई सांभाळलेली बाई, तिला एवढं मोठं जनावर कुत्रा वाटेना. नागपूरच्या बाई हसल्या, पण दोन खेपांनंतर आल्या नाहीत. उन्हाळा होता आणि अंतरही फार होतं.

त्यानंतर महिनाभरात भाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. एका हातात सायकल, मागे एक तांबूस गावठी कुत्रा, त्याचा एक कान कायमचा दुमडलेला.

"तुमच्याकडे कुत्रं लागते म्हने."

मी म्हटलं, असं कुठलंही कुत्रं चालत नाही. लसी लागतात, त्याला शिकवलेलं असावं लागतं. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. "सुया साऱ्या झाल्या. जंताचं औषध झालं. अन् शिकलेलं म्हनाल तर माह्यापेक्षा जास्त शिकलं आहे."

पाय मोडलेल्या पिल्लाला कोणीतरी दवाखान्याच्या आवारात टाकून गेलं होतं. त्याचा पाय यांनी बांधला आणि पुढे घरीच नेलं. नाव ठेवलं साहेब. "तीस वर्सं साहेबाच्या हाताखाली काढले," ते म्हणाले. "म्हटलं, आता एक साहेब आपल्या हाताखाली पाह्यजे." या नावानं आमची एकदा चांगलीच फजिती केली. विश्वस्त बैठकीला येत होते आणि आतून मीरा ओरडली, "साहेबाचे पाय पुसल्याशिवाय आत घेऊ नका!" विश्वस्तांनी पायपुसण्यावर मुकाट्यानं दोनदा बूट घासले आणि आत आले. मला पुढचा अर्धा तास त्यांच्या तोंडाकडे बघता येईना.

आता भाऊंची कामाची पद्धत सांगते, कारण ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कुत्र्याचा लाड करा, असं ते कोणाला सांगत नसत. ते कामं वाटून द्यायचे. गंगूबाईंनी पाणी पाजायचं. एका निवृत्त मास्तरांनी कंगवा फिरवायचा. कोणी कानात बघायचं, कोणी बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायचे. गोचीड एकही नसायचा, पण शोधणारा हात तासभर कामात असायचा. नाहीतर हेच हात दिवसभर चादरीची दशी ओढत बसत.

आणि "मला ओळखलं का?" हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. तुम्ही हा प्रकार पाहिला असेल. भेटायला आलेला मुलगा आईच्या तोंडाशी तोंड नेतो आणि परीक्षा घेतो, सांग मी कोण, सांग ना. आई कावरीबावरी होते. भाऊ याच्या उलट करायचे. माणसं त्यांच्या लक्षात होती ती त्यांच्या जनावरांवरून. गंगूबाईंना म्हणाले, "तुमची तांबडी गाय, एक शिंग मोडकं. दवाखान्यात आनली का साऱ्याईले मारे."

स्वतःच्या लेकीचं नाव न आठवणाऱ्या गंगूबाई ताठ झाल्या. "मारे नं! तुमालेही मारलं होतं!"

"हे पाहा," म्हणत त्यांनी पँट वर करून नडगीवरचा व्रण दाखवला. त्या दिवशी गंगूबाई तासभर हसत होत्या.

असं सगळं बरं चाललं होतं. फक्त पाच वाजेपर्यंत.

अशा माणसांसोबत तुमच्यापैकी कोणी राहिलं असेल तर संध्याकाळी पाचला काय होतं ते मी सांगायला नको. उन्हं कलली की अख्खं घर चुळबुळायला लागतं. एकीला घरी स्वयंपाकाला जायचं असतं, एक जण उगाच पिशवी भरतो, मास्तर शाळा सुटली म्हणून दारं लावत फिरतात. आणि देवरावजी फाटकाकडे निघतात.

देवरावजी हिंगणघाटकडच्या एका खेड्यातले. अंगानं अजून भक्कम. त्यांच्याकडे गवळाऊ बैलांची जोडी होती, चांद्या आणि हिऱ्या. दोन्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, शेत दुसऱ्याच्या हाती गेलं. पण पाच वाजले की देवरावजी लोखंडी फाटक दोन्ही हातांनी गदगदा हलवायचे. "चांद्या आला नाई अजून. फाटक उघडा." आम्ही काय करायचो? वाद घालायचा नाही, दुःख द्यायचं नाही, गोड बोलून वेळ मारून न्यायची. मला असंच शिकवलं होतं आणि मी मीरापासून सगळ्यांना तेच शिकवलं होतं. कोणीही जायचं आणि म्हणायचं, "येऊन राह्यला, आबाजी. येते आता."

एका संध्याकाळी कडी नीट लागली नव्हती. फाटक उघडलं आणि देवरावजी सरळ रस्त्यावर गेले. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. गिट्टीवर पडले, कपाळाला टाके पडले. विश्वस्तांनी बैठक घेतली. पुढच्या एक तारखेपासून देवरावजींना संध्याकाळी पलंगाला पट्ट्यांनी बांधायचं आणि औषध वाढवायचं, किंवा मुलानं त्यांना घेऊन जायचं. मुलगा नागपुरात कंपनीत नोकरीला, दोन खोल्यांचं घर. फोनवर एवढंच म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कराल ते," आणि रडायला लागला.

पट्टे आले. मी ते कपाटात ठेवले. बांधून ठेवलेल्या माणसांची मनगटं मी दवाखान्यात पाहिली आहेत. मला ते पट्टे नको होते, आणि त्यांच्याऐवजी काय, हेही मला सुचत नव्हतं. चार दिवस मी सगळ्यांवर ओरडत फिरले.

कपाट उघडं असताना भाऊंनी ते पाहिले. एक पट्टा हातात घेतला, बक्कल लावून काढून पाहिलं. जन्म जनावरं बांधण्या-सोडण्यात गेलेला. "कोनासाठी?"

"देवरावजींसाठी. एक तारखेपासून."

त्यांनी पट्टा गुंडाळून जागेवर ठेवला. "बांधलेलं जनावर ओढते, मॅडम. धरलेलं नाई ओढत."

"ते जनावर नाहीत," मी फटकन म्हटलं.

"मी तेच म्हनून राह्यलो," ते म्हणाले आणि व्हरांड्यात चालू लागले.

त्यानंतरच्याच शुक्रवारची गोष्ट. भाऊ गुडघा टेकून बसले होते, साहेब उभा होता, देवरावजी त्याचा खांदा चाचपत होते. पाच वाजले. देवरावजींनी मान वळवली. "चांद्या आला काय?"

मी दुसऱ्या टोकाला होते. सवयीनं तिथूनच ओरडले, "येऊन राह्यला, आबाजी!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. देवरावजींचा हात घेतला, साहेबाच्या पाठीवर ठेवला आणि वरून स्वतःचा हात ठेवला.

"देवरावजी, चांद्या नाई येत. चांद्या मेला. पोट फुगलं होतं त्याचं. डॉक्टर येईपर्यंत उशीर झालता. मी धरून होतो."

देवरावजी लहान मुलासारखे रडले. त्यांच्या बोटांनी साहेबाची कातडी मुठीत घेतली. आता कुत्रा चावतो की काय, म्हणून मी धावले. साहेब चारही पाय रोवून उभा होता.

"डोकं कुठी होतं त्याचं?" देवरावजींनी विचारलं.

"माह्या मांडीवर."

"पुरला काय?"

"तुमच्याच वावराच्या धुऱ्यावर पुरला. बाभळीखाली. मीठ टाकलं. तुमीच टाकलं."

"मीच?"

"तुमीच."

मग मी भडकले. सगळ्यांसमोर, व्हरांड्यात उभी राहून, नको ते बोलले. तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? उद्या ते हे विसरणार, मग उद्या पुन्हा मारणार का त्यांचा बैल? रोज मारणार?

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ढोराबद्दल मी कोन्या शेतकऱ्याशी खोटं बोललो नाई, मॅडम. डॉक्टर म्हनत, होईन बरा. मंग शेतकरी माह्याकडे पाहे. मी खोटं सांगतलं असतं तर त्यानं पुढच्या खेपेले माह्या हाती ढोर देल्लं नसतं."

"पुन्हा येऊ नका," मी म्हटलं. ते सायकल घेऊन निघाले. कठड्यावर त्यांचा अर्धा चहा तसाच राहिला. आजही तो कप आठवला की मला माझी लाज वाटते.

त्या संध्याकाळी देवरावजी फाटकाकडे गेले नाहीत. तोंड धुतलं, भाकरी खाल्ली, पलंगावर बसून राहिले. रडून थकले असतील, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा तेच. "चांद्या आला नाई अजून."

मीरा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येऊन राह्यला, आबाजी."

आणि देवरावजी उठले. तोवर ते बसलेले होते. ते शब्द कानावर पडले आणि ते उठले, चपला घातल्या आणि फाटक उघडायला निघाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून हे पाहिलं. अहो, बैल येतोय म्हटल्यावर कुठला शेतकरी फाटक उघडायला जाणार नाही? वर्षभर आम्हीच त्यांना रोज तिकडे पाठवत होतो. ज्या बोलण्यापायी त्यांना पट्टे लागणार होते, ते आमचंच बोलणं होतं. मी तिथेच पायरीवर बसले. मीराला वाटलं मला चक्कर आली.

सकाळी मी पहिल्या बसनं देवळीला गेले. बाजारामागच्या गल्लीत भाऊंचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक हिंगणघाटला दिलेली, घरात हे आणि साहेब. दोघेही अंगणात चकरा मारत होते. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"आज या," मी म्हटलं. "रोज या."

ते रुसलेले नव्हते. "येतो नं. चार वाजता निंघतो."

मग चकरा मारता मारताच मी विचारलं, एवढी वाईट बातमी तोंडावर सांगायची म्हणजे भीती नाही वाटली?

"वाटते नं," ते म्हणाले. "म्हनून तर पद्धत आहे. जोडीतला एक बैल गेला का मी शेतकऱ्याले आंधी दुसऱ्याजवळ न्यायचो. त्याचा हात त्याच्या पाठीवर ठेवायचो. मंग सांगायचो. रिकाम्या हातानं आयकाची गोष्ट नाई ते."

त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. साडेचारला सायकलची घंटी, पाच वाजता देवरावजींचा प्रश्न, हात पाठीवर, आणि तेच उत्तर. दर वेळी ते तितकंच सावकाश सांगायचे, जणू पहिल्यांदा सांगताहेत. सगळे दिवस सुरळीत गेले असं मी म्हणणार नाही. एकदा देवरावजींनी त्यांना ढकलून दिलं. दोनदा तरीही फाटकाकडे गेले, तेव्हा भाऊ कुत्र्यासकट त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालले आणि बरोबर परत आले. एक तारीख आली आणि गेली. विश्वस्त एक संध्याकाळ स्वतः बसून पाहून गेले. पट्टे कपाटातच राहिले.

मला मात्र चैन नव्हती. एकदा येरझारांत मी त्यांना विचारलं, "आपण रोज एका म्हाताऱ्या माणसाला रडवतो. हे बरोबर आहे का?"

"मले नाई माहीत," ते म्हणाले. पार टोकापर्यंत जाऊन परत आल्यावर म्हणाले, "तुमाले समजलं तर मलेही सांगजा."

मला अजून समजलेलं नाही. रडणं हळूहळू कमी होत गेलं, एवढं मी पाहिलं. आतून कुठेतरी मुरलं असेल. पुढे पुढे देवरावजी चांद्या आला का, असं विचारायचेच नाहीत. साहेबाच्या पाठीवर आपणच हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मीठ टाकलं नं?"

"टाकलं."

"बस मंग."

यंदाच्या हिवाळ्यात दोन दिवस सायकलची घंटी वाजली नाही. फोन उचलला जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची लेक साहेबाला घेऊन आली. भाऊ पहिल्याच दिवशी दुपारी जेवून पडले आणि झोपेतच गेले. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. ती म्हणाली, "बाबा म्हनत, साहेबाची ड्युटी तुमच्याकडे आहे. म्हनून घेऊन आली." तिच्या हातात ती प्लास्टिकची पिशवी होती, आत लसींचं कार्ड. मी ते घेतलं आणि कपाटात, पट्ट्यांशेजारी ठेवलं.

पाच वाजले. गंगूबाई पाण्याचं भांडं घेऊन तयार होत्या, मास्तर कंगवा घेऊन. मी गुडघा टेकला. माझा गुडघा कुरकुरतो, पण टेकला. उजवा हात मानेखाली ठेवला, डाव्या हाताला दोरी गुंडाळलेली. देवरावजी समोर बसले होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

"तो दवाखान्यातला भाऊ कुठी आहे?"

येऊन राह्यला, आबाजी. शब्द ओठांवर आले होते. इतक्या वर्षांची जीभ, ती कशी ऐकणार? मीरा दारात येऊन उभी होती.

"भाऊ नाई येत आता, आबाजी," मी म्हटलं. "भाऊ गेले."

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी क्रम चुकवला. आधी हात, मग बातमी. त्यांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते. मी त्यांना तसंच सांगून टाकलं होतं.

देवरावजी पुढे वाकले. दोरी गुंडाळलेला माझा डावा हात त्यांनी धरला, बोटं एकेक करून मोकळी केली, तो हात साहेबाच्या पाठीवर ठेवला आणि वरून आपला जड, खरबरीत हात ठेवला.

"त्याले कोनी धरलं होतं काय?" त्यांनी विचारलं.

"नाई, आबाजी. कोनी नव्हतं. हा होता, खाटेखाली."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. फाटक थरथरलं. देवरावजींनी तिकडे पाहिलं नाही, हातही काढला नाही.

"रड मंग, बाई," ते म्हणाले. "मी धरून आहो."